शून्य मैलावरचे सुलिना

नदीची लांबी उगमापासून मोजायची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. डॅन्यूबवर मात्र मोजणी उलटी चालते. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावून व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड अशा राजधान्या ओलांडत काळ्या समुद्राला मिळणाऱ्या या नदीचा शून्य आकडा तिच्या मुखाशी आहे, रुमानियातल्या सुलिना गावच्या जुन्या दीपगृहापाशी. तिथून वर ब्रैला बंदरापर्यंत अंतर सागरी मैलांत मोजतात आणि पुढे किलोमीटरमध्ये. समुद्राकडून मोजायची ही पद्धत जहाजवाल्यांची आहे, आणि सुलिनाचा सगळा इतिहासही जहाजवाल्यांचाच आहे.

सुलिना हे रुमानियाचे सर्वांत पूर्वेकडचे आणि सर्वांत सखल गाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम तीन-चार मीटर. तिथे जायला आजही रस्ता नाही. तुल्चा शहरातून बोटीत बसायचे आणि त्रिभुज प्रदेशातल्या वेळूच्या बनांमधून काही तासांनी सुलिनाच्या धक्क्याला उतरायचे. नदीला समांतर पाच-सहा रस्ते आहेत आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. २०११ च्या जनगणनेत इथे साडेतीन हजारांच्या आसपास लोक होते. एवढ्याशा वस्तीत नऊ-दहा देशांच्या वकिलाती थाटण्याइतकी उलाढाल कधीकाळी होती, हे धक्क्यावरच्या भव्य इमारती पाहिल्याशिवाय पटत नाही. ती उलाढाल कुठून आली आणि का संपली, हे समजून घ्यायचे तर आधी तिथला गाळ समजून घ्यावा लागतो.

समुद्राजवळ डॅन्यूब तीन फाट्यांत विभागते. उत्तरेला चिलिया, दक्षिणेला सेंट जॉर्ज आणि मधला सुलिना. या तिघांत सुलिनाच्या वाट्याला सर्वांत कमी पाणी येते, पण नौकानयनाला तोच सोयीचा ठरत आला. दहाव्या शतकात बायझँटाईन सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन याने रशियाकडून येणाऱ्या होड्यांच्या मार्गाचे वर्णन केले, त्यात या फाट्याचे नाव येते. पुढे तुर्की अंमलात इथून बाहेर पडणाऱ्या जहाजांनी मागे लोखंडी दाताळे ओढत न्यायचे, म्हणजे तळाचा गाळ ढवळून समुद्रात जाईल, असा दंडक असल्याचे सांगतात. उपाय साधा होता, पण मुख खुले राहत होते.

१८२९ च्या एड्रियानोपलच्या तहाने हा त्रिभुज प्रदेश रशियाच्या ताब्यात गेला आणि मुखाकडे दुर्लक्ष सुरू झाले. व्यापारी जगाचा आरोप असा होता की हे दुर्लक्ष हेतुपुरस्सर आहे. डॅन्यूबकाठचा गहू आणि मका स्वस्तात बाहेर पडू लागला तर रशियाच्या ओडेसा बंदराला फटका बसणार होता. आरोपात किती तथ्य होते यावर वाद घालता येईल, परंतु परिणाम कुणालाही दिसत होता. ब्रिटनने १८४६ मध्ये धान्याच्या आयातीवरचे निर्बंध उठवले आणि डॅन्यूबकाठच्या मोल्दाव्हिया व वालाकिया या संस्थानांच्या धान्याला मागणी वाढली. नेमक्या त्याच काळात सुलिनाच्या मुखाशी पाण्याची खोली सात ते अकरा फुटांवर आली होती, आणि नऊ फुटांपेक्षा जास्त पाणी क्वचितच मिळे.

एवढ्या उथळ पाण्यातून भरलेले जहाज बाहेर काढणे अशक्य होते. त्यामुळे धान्य आधी पडावांमध्ये उतरवायचे, रिकामे जहाज वाळूच्या पट्ट्यावरून पार करायचे आणि खुल्या समुद्रात हेलकावे खात माल पुन्हा भरायचा, असा क्रम होता. या हाताळणीत पैसा जाई, माल चोरीला जाई आणि वादळ आले तर माणसेही जात. किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजांचे सांगाडे पडलेले असत. पाण्यावर डोकावणाऱ्या त्यांच्या डोलकाठ्या पाहून खलाशी खोल पाण्याची वाट हुडकत. गाव म्हणजे चिखलात खांबांवर उभ्या केलेल्या झोपड्या. समुद्र काही इंच चढला तरी सगळा परिसर पाण्याखाली जाई. १८५५ च्या हिवाळ्यात एका रात्री उत्तरेचे वादळ सुटले. त्या एका रात्रीत २४ शिडाची जहाजे आणि ६० पडाव किनाऱ्यावर आदळले आणि तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

तेव्हा क्रिमियाचे युद्ध चालू होते. १८५४ च्या जुलैत सुलिनापाशी रशियन गोळीबारात कॅप्टन हाइड पार्कर हा ब्रिटिश नौदल अधिकारी मारला गेला आणि त्यानंतर ब्रिटिश नौदलाने हे गाव जाळले. युद्ध संपवणारा पॅरिसचा तह ३० मार्च १८५६ रोजी झाला, तेव्हा सुलिना जवळजवळ राखेत होते. त्याच तहातल्या एका कलमाने या गावाचे नशीब बदलले. डॅन्यूबची मुखे मोकळी करण्यासाठी ऑस्ट्रिया, फ्रान्स, ब्रिटन, प्रशिया, रशिया, सार्डिनिया आणि तुर्कस्तान या सात सत्तांचा एक आयोग नेमला गेला. डॅन्यूबचा युरोपीय आयोग हे त्याचे नाव. काल एकमेकांवर तोफा डागणाऱ्यांचे प्रतिनिधी आज एका टेबलाभोवती बसून गाळाविषयी बोलणार होते. काम उरकायला मुदत होती दोन वर्षांची. प्रत्यक्षात हा आयोग ऐंशी वर्षांहून अधिक काळ टिकला.

आयोगाचे मुख्यालय नदीच्या वरच्या अंगाला गलाट्स शहरात होते. प्रत्यक्ष बांधकामाचे ठाणे मात्र सुलिनाला पडले. मुख्य अभियंता म्हणून चार्ल्स हार्टली या इंग्रज माणसाची नेमणूक झाली. तो तेव्हा अवघा एकतीस वर्षांचा होता आणि क्रिमियाच्या युद्धात तुर्की बाजूच्या तुकडीत अभियंता म्हणून काम करून आला होता. तीनपैकी कोणता फाटा निवडायचा, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न होता. हार्टलीचा कौल सुरुवातीला सेंट जॉर्जकडे होता, कारण तिथे पाणी जास्त होते. पण त्या कामाला खर्च फार येणार होता आणि सात सरकारांचे एकमत होईना. दरम्यान व्यापारी अडकून पडले होते. म्हणून मोठा निर्णय होईपर्यंत सुलिनाला तात्पुरते काम करावे असे ठरले. आज आपण पाहतो ते सुलिना या तात्पुरत्या कामातून उभे राहिले आहे.

हार्टलीची कल्पना अशी होती. नदी समुद्राला मिळते तिथे तिचा प्रवाह पसरतो, वेग मंदावतो आणि बरोबर आणलेला गाळ तिथेच बसतो. त्यातूनच मुखाशी वाळूचा पट्टा तयार होतो. नदीचे दोन्ही काठ बंधाऱ्यांनी समुद्रात पुढपर्यंत वाढवले तर प्रवाहाला पसरायला जागा राहणार नाही. तो वेगाने वाहील, तळ स्वतःच खरवडेल आणि गाळ खोल पाण्यात नेऊन टाकील. तिथून किनाऱ्याला समांतर वाहणारा समुद्रप्रवाह तो गाळ दक्षिणेकडे ओढून नेईल. म्हणजे ज्या नदीने अडथळा निर्माण केला तिच्याकडूनच तो काढून घ्यायचा. तिच्याशी झुंजत बसण्यापेक्षा तिला कामाला लावायचे.

१८५८ मध्ये लाकडी खांब आणि समुद्रात लोटलेले दगड यांचे दोन बंधारे सुरू झाले. उत्तरेचा सुमारे ४,६०० फूट लांब, दक्षिणेचा सुमारे ३,००० फूट, आणि दोन्हींमध्ये अंतर ६०० फुटांचे. परिसरात दगड नाही, पक्की जमीन नाही, पिण्याजोगे पाणी नाही. हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात हिवताप. अशा जागी तीन वर्षांत काम उभे राहिले. सप्टेंबर १८६१ मध्ये त्याचे रीतसर उद्घाटन झाले, तेव्हा मुखाशी १७ फुटांपेक्षा जास्त पाणी होते. जवळजवळ दुप्पट खोली. पुढल्या वर्षी ब्रिटनने हार्टलीला सर किताब दिला. त्यानंतर सेंट जॉर्जची चर्चा मागे पडली. लाकडी खांबांचे बंधारे काँक्रीटने पक्के केले गेले, दक्षिणेचा बंधारा लांबवला गेला. १८७० च्या दशकात खोली २० फुटांवर गेली आणि गाळउपसा करणाऱ्या यंत्रांच्या जोडीने १८९५ मध्ये २४ फुटांवर पोचली.

मुख मोकळे झाले तरी मागचा फाटा वेडावाकडा होता. नागमोडी वळणांवर लांब आगबोटी अडकत. १८६८ पासून एकेक वळण कापून सरळ करण्याचे काम सुरू झाले आणि शेवटची खोदाई १९०२ मध्ये संपली. तोवर सुमारे ८५ किलोमीटरचा फाटा ६४ किलोमीटरच्या आत आला होता. नकाशावर आज तो पट्टीने ओढल्यासारखा सरळ दिसतो. जुनी सोडून दिलेली वळणे मात्र त्याच्या बाजूला अजून आहेत. त्यांत आता मासे आणि पाणपक्षी राहतात. हार्टलीने १८७२ नंतर सल्लागार म्हणून १९०७ पर्यंत या नदीचे काम पाहिले. मिसिसिपी, सुएझ आणि आपल्याकडची हुगळी यांच्याविषयीही त्याचा सल्ला घेतला गेला. डॅन्यूबचा जनक अशी त्याची ख्याती झाली.

या सगळ्याला पैसा लागत होता, आणि तो उभा करण्याची पद्धत हे आयोगाचे दुसरे मोठे यश मानायला हवे. आरंभीचा खर्च तुर्की सरकारच्या उचलीतून झाला. पुढे मुखातून बाहेर पडणाऱ्या जहाजांवर त्यांच्या वजनक्षमतेनुसार कर बसवला गेला. १८६८ मध्ये १,३५,००० पौंडांचे कर्ज काढले गेले, त्याला सदस्य सत्तांनी हमी दिली आणि ते कराच्या उत्पन्नातून फेडले गेले. आयोगाला स्वतःचे नियम, स्वतःचे वाटाडे, पोलीस अधिकार, नियमभंगाच्या प्रकरणांचा निवाडा करण्याचा हक्क, इतकेच काय स्वतःचा ध्वजही होता. एवढे अधिकार अनेक देशांच्या एका सामायिक संस्थेला मिळणे त्या काळी जवळजवळ अभूतपूर्व होते. ऱ्हाईन नदीचा आयोग त्याआधी १८१५ मध्ये झाला होता, पण त्याच्या हाती इतकी सत्ता नव्हती.

या सत्तेच्या खुणा सुलिनाच्या धक्क्यावर ओळीने दिसतात. १८६८ मध्ये बांधलेला आयोगाचा राजवाडा अभिजात शैलीतला, लांबलचक आणि भारदस्त आहे. आजही त्यात नदीच्या जलमार्गाचे प्रशासन चालते. १८७० च्या सुमारास बांधून झालेले दीपगृह सतरा मीटरांहून थोडे उंच. ते बांधले तेव्हा समुद्र त्याच्याजवळ होता. नदीने आणलेल्या गाळाने नंतर इतकी नवी जमीन तयार केली की आता दीपगृह गावाच्या घरांमध्ये उभे आहे आणि त्यात संग्रहालय आहे. आयोगाने रुग्णालय आणि कार्यशाळा उभारल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणी गाळून पुरवणारी योजना झाली, तिची टाकी अजून दिसते. हॉलंडच्या राणीने इथे पाणी मागितले, तिच्यापुढे गढूळ पाण्याचा पेला आला आणि तिने टाकीसाठी देणगी दिली, अशी कथा गावात सांगतात.

१८७० मध्ये सुलिना मुक्त बंदर झाले. जकात नाही म्हटल्यावर ग्रीक व्यापारी, आर्मेनियन हमाल, तुर्की नावाडी, इंग्रज अभियंते, माल्टाचे खलाशी, जुन्या रशियन धर्मपंथाचे लिपोव्हान कोळी असे सगळे इथे येऊन राहिले. १९०४ च्या मोजणीत गावात ४,८८९ लोक होते. त्यांत ग्रीक २,०५६, रुमानियन ८०३, रशियन ५९४, आर्मेनियन ४४४, तुर्क २६८. यादी खाली खाली जात दहांच्या आत येते, आणि तिथे चार भारतीयांची नोंद आहे. ते कोण होते, कोणत्या बोटीवरून उतरले, हे त्या आकड्यातून कळत नाही. पण काळ्या समुद्राच्या काठच्या या चिखलवाटेवरही आपल्याकडची चार माणसे पोटासाठी येऊन राहिली होती, हे वाचल्यावर हे गाव परके वाटत नाही.

हे मिश्र जग सर्वांत स्पष्ट दिसते ते गावाबाहेरच्या दफनभूमीत. आयोगाने १८६४ मध्ये ती सुरू केली. ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, प्रोटेस्टंट, लिपोव्हान, मुस्लिम आणि ज्यू यांच्या जागा एकमेकींना लागून आहेत. प्रोटेस्टंट भागात आयोगाचे अभियंते, जहाजांचे कप्तान आणि पोटासाठी आलेले तरुण खलाशी आहेत. अडालिया या जहाजावरचा विल्यम वेब्स्टर हा अधिकारी १८६८ मध्ये मार्गारेट ॲन प्रिंगल या तरुणीला वाचवताना बुडाला, असे त्याच्या दगडावर लिहिले आहे. तीही वाचली नाही. दोघांच्या कबरी शेजारी आहेत. थोड्या अंतरावर मोरुझी घराण्यातली एक राजकन्या आणि कवटीचे चिन्ह कोरलेली एका ग्रीक चाच्याची कबर दाखवतात. जिवंतपणी ज्यांचे देश आणि धर्म वेगळे होते त्यांना एकाच व्यवस्थेने इथे जागा दिली, आणि ती व्यवस्था नीट ठेवण्याची जबाबदारीही घेतली.

तरीही आयोगाची ही कथा निव्वळ गौरवाची नाही, आणि ती तशी सांगणे रुमानियावर अन्याय करण्यासारखे होईल. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर बर्लिनच्या तहाने उत्तर दोब्रुजा हा प्रदेश रुमानियाला मिळाला आणि त्याबरोबर सुलिनाही. रुमानियाला आयोगात जागा मिळाली. पण आपल्याच भूमीवर आपल्या सरकारपेक्षा परक्यांच्या संस्थेचा शब्द मोठा आहे, ही सल नव्या राष्ट्राला बोचत राहिली. पहिल्या महायुद्धानंतर आयोगात ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि रुमानिया असे चारच सदस्य उरले, तेव्हा तर हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. गलाट्स ते ब्रैला या टप्प्यात आयोगाचा अधिकार कितपत चालतो, यावर रुमानिया आणि उरलेले सदस्य आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेले. १९२७ च्या सल्लामताने आयोगाची बाजू उचलून धरली. रुमानियाची मागणी चूक नव्हती. आपल्या नदीच्या मुखावर आपली सत्ता असावी असे कोणत्याही स्वतंत्र देशाला वाटणारच. १९३८ च्या सिनाया करारान्वये आयोगाचे बहुतेक अधिकार रुमानियाकडे आले. मुक्त बंदराचा दर्जा त्याआधीच, १९३१ मध्ये संपला होता.

गावाची उतरण नेमकी तेव्हाच एका कादंबरीत उतरली. एउजेनिउ बोतेझ हे रुमानियाच्या नौदलातले अधिकारी, सुलिनाला बंदराचे सरकारी अधिकारी म्हणून राहिलेले. जाँ बार या टोपणनावाने ते लिहीत. १९३३ मध्ये त्यांची 'एउरोपोलिस' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. सुलिनाची गजबज, तिथल्या आशा आणि तिथले उद्ध्वस्त आयुष्य रुमानियन वाचकाच्या मनात राहिले ते या पुस्तकामुळे. रुमानियाचे थोर संगीतसंचालक जॉर्जे जॉर्जेस्कु यांचा जन्मही १८८७ मध्ये इथलाच. दीपगृहाच्या संग्रहालयात या दोघांचीही आठवण जपली आहे.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. १९४८ मध्ये बेलग्रेडच्या परिषदेने जुन्या व्यवस्थेची जागा घेणारा नवा आयोग केला आणि त्यात पश्चिमेकडच्या सत्तांना स्थान राहिले नाही. साम्यवादी राजवटीने इथे मासळी डबाबंद करण्याचा कारखाना आणि जहाजदुरुस्ती चालवली, लोकांना रोजगार दिला. पण १९८४ मध्ये चेर्नाव्होडाहून कॉन्स्टंट्साजवळ समुद्राला मिळणारा ६४ किलोमीटरचा कालवा सुरू झाला. वरून येणाऱ्या जहाजांचा सुमारे चारशे किलोमीटरचा वळसा वाचला आणि सुलिनाचे महत्त्व घटले. १९८९ मध्ये ती राजवट कोसळल्यानंतर कारखानेही बंद पडले. तरुण शहरांकडे गेले. १९९१ मध्ये त्रिभुज प्रदेश जागतिक वारसा ठरला आणि गावाला पर्यटनाचा थोडा आधार मिळाला.

मग २०२२ उजाडले. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, ओडेसाची वाट धोक्याची झाली आणि युक्रेनचे धान्य बाहेर काढायला डॅन्यूबवरची इझमाइल आणि रेनी ही बंदरे उरली. तिकडे जाणाऱ्या जहाजांना सुलिनाच्या फाट्यातून आत शिरायचे होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुलिनासमोरच्या समुद्रात शंभराहून अधिक जहाजे नांगर टाकून पाळीची वाट पाहत होती. सुमारे एकशे पासष्ट वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी मुख उघडावे लागले ते कारण तंतोतंत तसेच होते: काळ्या समुद्राकाठचे धान्य, ओडेसा, रशिया आणि जगाची भूक. वाटाडे कमी पडले, नव्या खुणा आणि दिवे बसवले गेले, रात्रीही जहाजे सोडण्याची तयारी झाली.

सुलिनाचा इतिहास मला मोलाचा वाटतो तो या कारणासाठी. तहांच्या ओळींना जग बदलायचे श्रेय मिळते, पण तह कागदावरच राहतो जोवर कुणी खांब ठोकत नाही, गाळ उपसत नाही, दिवा पेटवत नाही. १८५६ च्या राजदूतांनी चांगला हेतू लिहिला. तो सिद्धीस नेला हिवतापात तीन वर्षे दगड टाकणाऱ्या मजुरांनी आणि वाटाड्यांनी. ही व्यवस्था न्याय्य नव्हती, कारण तिने ज्याची भूमी त्याचेच म्हणणे कितीदा डावलले. तिची कामगिरी आणि तिचा अन्याय दोन्ही लक्षात ठेवायला हवेत. पण परस्परांवर अविश्वास असलेल्या सात सत्तांना एका कामाने एकत्र ठेवले, आणि ते काम दररोज करायचे होते म्हणूनच ते टिकले. डॅन्यूब रोज गाळ आणते, त्यामुळे मुखाशी बंधारे वाढवत न्यावे लागले आणि आता ते समुद्रात कित्येक किलोमीटर पुढे गेले आहेत. ज्या वर्षी हे काम थांबेल त्याच्या पुढल्या काही वर्षांत वाट बंद होईल. युरोपातला सलोखाही याहून वेगळ्या नियमाने चालत नाही, आणि सुलिनाने हे शिकवले ते कोणत्याही परिषदेपेक्षा अधिक ठोसपणे, फुटांच्या आणि मैलांच्या हिशोबात.